रात्रीचा फोन

प्राध्यापक झाल्यापासून "सर, हे बरोबर नाही" असं मला कोणी तोंडावर म्हटलेलं नाही. राउंडला नाही, सेमिनारला नाही, मॉर्टॅलिटी मीटिंगला तर नाहीच. म्हणजे इतक्या वर्षांत माझं सगळं बरोबरच येत गेलं, असं मानायला मी तयार नाही. मेडिसिन हा विषयच तसा नाही. चांगल्यातला चांगला फिजिशियनही रोज अर्धवट माहितीवर निर्णय घेतो. तेव्हा कोणाला तरी, कधी तरी, काहीतरी खटकलंच असणार. ते खटकणं गेलं कुठे? सुट्टीला सांगवीला घरी आलो आणि संध्याकाळी नीरेच्या बाजूला पाय मोकळे करायला निघालो, की हल्ली हाच प्रश्न सोबत असतो. कॉलेजात तो विचारायला उसंत नसते, आणि खरं सांगायचं तर तिथे तेवढं धाडसही होत नाही.

डॉक्टर व्हायला मला रीतसर शिकवलं गेलं. साडेचार वर्षं एमबीबीएस, वर्षभर इंटर्नशिप, तीन वर्षं एमडी. छाती बोटांनी ठोकून आतलं पाणी कसं ओळखायचं, वाढलेली प्लीहा हाताला कशी लागते, ईसीजी कुठून वाचायला घ्यायचा, हे कोणी ना कोणी हात धरून दाखवलं. पण दहा-बारा तरुण डॉक्टर आपल्या हाताखाली आल्यावर वागायचं कसं, हे कोणी तासभरसुद्धा शिकवलं नाही. ते आम्ही आमच्या सरांकडे बघून उचललं. सर जिथे ओरडत तिथे ओरडलो, सर जिथे गप्प बसत तिथे गप्प बसलो. पुढच्या बढत्या वर्षं आणि पेपर मोजून मिळाल्या. वरिष्ठ म्हणून माझ्यात काय वाढलं आणि काय खुरटलं, हे विचारणारा रकाना त्या फॉर्ममध्ये नव्हता.

2019 साली आमच्या गावाकडे, बारामतीत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर जागांनी सुरू झालं. आज त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. त्याच वर्षी देशभर एमबीबीएसचा नवा, क्षमतांवर आधारलेला अभ्यासक्रम आला. वृत्ती, नीती आणि संवाद यांचा वेगळा भाग त्यात घातला गेला. पोरं त्याला एटकॉम म्हणतात. वाईट बातमी कशी सांगावी, रुग्णाचं बोलणं मध्येच न तोडता कसं ऐकावं, हे आता विशीच्या आतली मुलं शिकतात. आमच्या वेळी हे असतं तर फार बरं झालं असतं. पण शिकवणारे आम्ही जुन्या मुशीतले. शिक्षकांसाठी वैद्यकीय शिक्षणाचा बेसिक कोर्स सक्तीचा आहे. तोही मी मनापासून केला. पाठाची उद्दिष्टं कशी लिहावीत, प्रश्नपत्रिका कशी काढावी, हे त्यात नीट शिकवतात. मी कसा वरिष्ठ आहे, याची परीक्षा मात्र वर्गात होत नाही. ती रात्री दोन वाजता फोन वाजतो तेव्हा होते.

त्या फोनवरचं पहिलं वाक्य गेली कित्येक वर्षं बदललेलं नाही. "सॉरी सर, झोपमोड केली." रुग्णाचं पोटॅशियम सात आहे, ईसीजीवर टी-वेव्ह उंच झाल्या आहेत, आणि पोरगा आधी माझ्या झोपेची माफी मागतो. मग एका श्वासात वय, तक्रार, तपासण्या, दिलेली औषधं असं सगळं घडाघडा सांगतो, कारण मध्ये थांबला तर मी काहीतरी विचारीन आणि ते त्याने पाहिलेलं नसेल. मी काय म्हणतो? कधी "बोल". कधी "आता काय झालं?" दोन्हींत फारसा फरक नाही असं मला वाटायचं. पलीकडे उभ्या असलेल्याला तो फरक लगेच कळतो. पुढच्या वेळी फोन करायचा की सकाळपर्यंत बघायचं, हे तो त्यावरूनच ठरवतो.

आणि माझ्यापर्यंत फोन येतो तोच मुळी पायऱ्या चढून. कॅज्युअल्टीतला जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट, आधी जेआर टूला उठवतो, तो जेआर थ्रीला, मग सिनियर रेसिडेंट, मग लेक्चरर. प्रत्येक पायरीवर कोणीतरी ठरवतं, की एवढ्यासाठी सरांना नको उठवायला. माझा मोबाइल चोवीस तास चालू असतो हे मी अभिमानाने सांगत आलो. आमच्याकडे नीरा डावा कालवा ब्रिटिशांच्या काळापासून वाहतो. मुखाशी असलेल्या शेतकऱ्याला पाणी कमी पडल्याचं कधी दिसत नाही, टेलचा शेतकरी मात्र रात्र रात्र बांधावर बसून असतो. युनिट हेडचं तसंच होतं. त्याला आलेले फोन माहीत असतात. न आलेल्या फोनची नोंद कुठल्याच रजिस्टरला नसते. सकाळच्या राउंडला "रात्री का नाही कळवलं?" असं मी विचारतो, आणि तो मान खाली घालतो. त्याचं उत्तर मीच आहे, हे तो बोलू शकत नाही, आणि मला ते कळायला फार वर्षं लागली.

कळलं ते सांगवीत.

गाळप हंगाम नुकताच सुरू झाला होता. ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या होत्या, रानात कोप्या पडल्या होत्या. पहाटे शेजारचा पोरगा दारात येऊन म्हणाला, "डॉक्टरकाका, कोपीवरलं एक पोरगं लई पोटात दुखतंय म्हणून वरडतंय, अन् डोळं उघडंना झालंय. दवाखान्यात नेलंय, चला." मी स्वेटर चढवून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तिथली वैद्यकीय अधिकारी बाँडवर आलेली, चोवीस-पंचवीस वर्षांची, माझीच विद्यार्थिनी. मी दारात पोचलो तेव्हा तिची माझ्याकडे पाठ होती, म्हणून सगळं जसं होतं तसं मला पाहायला मिळालं.

दहा-अकरा वर्षांचा मुलगा. बाप सांगत होता, "चावलंबिवलं काय न्हाय बाई, राती भाकर खाऊन झोपला व्हता." अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही. तिने मुलाला एका दमात आकडे मोजायला लावले. तो दहाच्या पुढे जाईना. उशीवरून डोकं उचलायला सांगितलं, मान उचलेना. पापण्या खाली आलेल्या. तिने बापाला विचारलं, "खाली झोपला होता का?" तो हो म्हणाला. तेवढ्यावर ती सिस्टरकडे वळली. "सिस्टर, मण्यार आहे. एएसव्हीच्या दहा व्हायल काढा, अ‍ॅड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवा. एकशेआठला फोन लावा, बारामतीला व्हेंटिलेटर तयार ठेवा म्हणावं." आवाज स्वच्छ होता. घाई नव्हती, घबराट नव्हती. मण्यार रात्री झोपेत चावते, दात सुईसारखे बारीक, दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखायला लागतं आणि मग श्वासाचे स्नायू एकेक करून लुळे पडतात. अनुभवी डॉक्टरही याला पोटदुखी समजून इंजेक्शन देऊन घरी पाठवतात. हिने दंशाची खूण नसताना ओळखलं होतं.

मग तिने मागे वळून मला पाहिलं, आणि तिचा आवाज खाली आला. हातातली सर्पविषावरच्या औषधाची व्हायल तशीच थांबली. "सर, एएसव्ही सुरू करू ना?" मिनिटापूर्वी जो हुकूम तिने दिला होता, त्याचीच ती आता परवानगी मागत होती. सिस्टरसुद्धा थबकली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी काहीच बोललो नव्हतो. फक्त दारात उभा होतो.

मी म्हणालो, "डॉक्टर, पेशंट तुमचा आहे. मी काय करू ते सांगा." ती क्षणभर गोंधळली, मग म्हणाली, "सर, तुम्ही अ‍ॅम्बू घेऊन डोक्याशी उभे राहा." श्वास द्यायची ती पिशवी घेऊन मी उभा राहिलो. अ‍ॅम्ब्युलन्समध्येही पुढे तोच माझा उद्योग होता. मुलगा व्हेंटिलेटरवर गेला आणि काही दिवसांनी आपल्या पायांनी कोपीवर परतला.

मुलगा वाचला याचा आनंद आहेच. पण मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्या गोष्टीने. दारात उभा राहून मी जर म्हणालो असतो, "जरा थांब, पोटाचं बघू, खूण तर दिसत नाही," तर तिने ऐकलं असतं. तिला ठाऊक होतं त्याच्या विरुद्ध ऐकलं असतं. मी आयुष्यभर मिळवलेला मान त्या खोलीत एका शब्दाने पोराचा जीव घेऊ शकला असता, आणि मला त्याचा पत्ताही लागला नसता. मग ज्या ज्या वॉर्डात मी रोज उभा असतो, तिथे काय होत असेल?

हे माझ्यात आलं कुठून, याचा विचार करताना मला माझे सर आठवतात. त्यांचं नाव इथे घेत नाही. तसा क्लिनिशियन मी पुन्हा पाहिला नाही. रुग्ण दारातून चालत येतानाच ते निदान करत. राउंडला केसपेपर अपुरा असला की तो वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला भिरकावला जाई, आणि सगळ्या रुग्णांदेखत आम्ही तो गोळा करत असू. त्या धाकानेच मी हॅरिसनचं मेडिसिनचं पाठ्यपुस्तक वाचलं, हे खरं आहे. ते नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण त्याच धाकाने मी आणखी एक गोष्ट शिकलो: जे पाहिलं नाही तेही पाहिलं म्हणून ठामपणे कसं सांगायचं. "रिफ्लेक्सेस?" "नॉर्मल, सर." माझ्या पिढीतले जे डॉक्टर हे वाचतील त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं, की हे आपल्याला कधी करावं लागलं नाही.

कडकपणा सोडावा असं मला वाटत नाही. रुग्णाला न तपासता लिहिलेला केसपेपर ही अक्षम्य गोष्ट आहे आणि ती मी खपवून घेणार नाही. आजकाल काही सहकारी पोरांना काही बोलायलाच घाबरतात; त्यातून रुग्णाचं भलं होत नाही. प्रश्न एवढाच आहे, की माझा राग रुग्णाच्या वतीने असतो की माझ्या मोठेपणाच्या वतीने. तपासून पाहिलं तर अर्धा अर्धा निघतो. आणि तो काढायला मी नेहमी जागा कोणती निवडतो? वॉर्डाचा मधला भाग, जिथे सगळे ऐकतात.

रेसिडेंटच्या कामाच्या तासांचं बोलणं निघालं की आम्ही वरिष्ठ एका सुरात म्हणतो, "आम्ही नाही का केलं?" 1992 च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत लिहिलं होतं, की सलग ड्युटी एरवी बारा तासांच्या वर जाऊ नये आणि आठवडा 48 तासांचा असावा. 2024 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने आठवड्याला 74 तासांची मर्यादा सुचवली. म्हणजे तीन दशकांनी सुधारणा सुचवताना आकडा वर गेला, कारण वॉर्डातलं वास्तव त्याच्याही वर आहे. "आम्ही नाही का केलं" या वाक्याच्या तळाशी मी गेलो, तेव्हा तिथे शिक्षणाची काळजी मला फारशी सापडली नाही. सापडलं ते असं: मी सोसलेलं व्यर्थ होतं असं कोणी म्हणू नये. ही माझी गरज आहे. तिचा भार पंचविशीतल्या पोरांनी का वाहावा?

22 मे 2019 ला मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी हिने जीव दिला. जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली मुलगी. स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती, वय 26. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तिच्या तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांना अटक झाली. त्याचा निवाडा न्यायालय करील. त्यावर मी बोलणार नाही. मला बोलायचं आहे ते माझ्याबद्दल. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात 1999 पासून आहे. आमच्या कॉलेजातही समिती आहे, फलक आहे, फलकावर फोन नंबर आहेत. ती बातमी वाचली त्या दिवशी मी स्वतःला विचारलं, की माझ्या युनिटमध्ये जेआर वनला काम कोण वाटून देतं? मी नाही. "युनिट तिसऱ्या वर्षाची पोरं चालवतात," असं मी कौतुकाने सांगत असे. कोणाला दुपारचं जेवण मिळालं, कोणाला सलग तिसरी रात्र लागली, कोणाला कुठल्या नावाने हाक मारली जाते, कोणाच्या आडनावावरून कोटा काढला जातो, हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्याची सोय मी करून ठेवली होती. "तुमचं तुम्ही बघून घ्या" हे वाक्य वरून विश्वासाचं वाटतं. ज्याच्यावर अन्याय होतो, त्याच्यासाठी ते दार बंद झाल्याचा आवाज असतो.

आता कामवाटपाचा तक्ता दर महिन्याला माझ्या टेबलावर येतो आणि मी तो वाचतो. पहिल्या वर्षाच्या मुलामुलींशी एकेकट्याने बोलतो. ते मोकळं बोलतात असा दावा नाही. त्यांच्या थीसिसवर सही माझी, इंटर्नल असेसमेंट माझं. ज्याच्या पेनात आपलं भवितव्य आहे त्याच्यासमोर कोण मोकळं बोलतं? एकदा वार्षिक फीडबॅकचे फॉर्म वाचत होतो. सगळ्यांनी सगळीकडे 'उत्कृष्ट' लिहिलं होतं. ते वाचताना सुखावलो, आणि सुखावलो हेच नंतर टोचत राहिलं.

खालचं माणूस वरच्याला शिकवू शकतं, हे पुस्तकात मान्य करणं सोपं आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतेच लागलेले वैद्यकीय अधिकारी होते. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं, फुफ्फुसात पाणी होऊन मरत होती. पाठ्यपुस्तकात त्यावर धड काही नव्हतं. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेपाशी बसून घाम, थंड पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब यांच्या नोंदी केल्या. 1982 मध्ये 'लॅन्सेट'ने त्या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख छापला, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीने ते मृत्यू टाळता येतात हे त्यांनी दाखवून दिलं. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो, आणि सांगताना ऊर भरून येतो. पण माझ्याच युनिटमधला एखादा जेआर टू उद्या म्हणाला, "सर, मला यात काही वेगळं दिसतंय," तर माझ्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघेल? "रेफरन्स काय?" हाच. बिरवाडीत रेफरन्स नव्हता. समोर रुग्ण होता.

ज्या सर्जनच्या लेखामुळे मी या सगळ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो, तो मूळचा आपल्याकडचाच. बोस्टनमधल्या अतुल गावंडे यांचे वडील आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. अतुल गावंडे यांनी 2011 मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये लिहिलं, की आठ वर्षं स्वतंत्र सर्जरी केल्यावर आपले निकाल सुधारायचे थांबलेत असं त्यांच्या ध्यानात आलं. वाईट नव्हते, चांगले होते. फक्त वाढ थांबली होती. खेळाडूला कितीही मोठा झाला तरी प्रशिक्षक असतो, सर्जनला का नसावा, असं त्यांना वाटलं. त्यांनी आपले जुने शिक्षक, निवृत्त सर्जन रॉबर्ट ऑस्टीन यांना ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन नुसतं बघायला बोलावलं. थायरॉइडची शस्त्रक्रिया होती, गावंडेंनी असंख्य वेळा केलेली. त्यांना वाटलं, उत्तम झाली. ऑस्टीन यांच्या वहीत मात्र बारीकसारीक टिपणं होती. मधूनच कोपर खांद्याच्या उंचीला जातो. कोपर हवेत असताना हाताला अचूकपणा राहत नाही. रुग्णावर कापड अशा रीतीने पसरलंय की गावंडेंना सोयीचं, पण समोरच्या सहायकाची अडचण होते. आणि दिवा जखमेवरून सरकला होता, तो अर्धा तास तसाच होता, गावंडेंच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या दिव्यापाशी मी फार वेळ थांबलो. थिएटरमध्ये गावंडे एकटे नव्हते. सहायक होता, नर्स होती, भूलतज्ज्ञ होते. दिवा सरकलेला त्यांपैकी कोणाला दिसला असेल का, हे लेखात नाही. पण माझ्या वॉर्डातला असा दिवा सरकला तर तो कोणाला तरी नक्की दिसतो, आणि ते माणूस माझ्याकडे बघून गप्प बसतं, एवढं मला आता पक्कं माहीत आहे. याच गावंडेंच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी काढली. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं. त्या यादीतली एक ओळ अशी, की चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. एकदा तोंड उघडलं की मग अडचण दिसल्यावर ते पुन्हा उघडणं सोपं जातं. आमच्या राउंडला बोलतो तो केस सांगणारा रेसिडेंट आणि मी. इंटर्न, सिस्टर, मावशी यांच्याकडे मी वळूनही बघत नसे.

ज्याला माझी सही लागत नाही अशाच माणसाला विचारायचं, असं मी ठरवलं. पहिली आठवली ती वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. निवृत्तीला आलेली, तीन-चार युनिट हेड येऊन गेलेले पाहिलेली. मी विचारलं, "सिस्टर, माझ्या राउंडमध्ये काय खटकतं?" तिने आधी टाळलं. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "सर, तुम्ही शिकवायला लागलात की पेशंटकडे पाठ करून उभे राहता. तुम्ही पुढे गेलात की तो मला विचारतो, डॉक्टर माझ्याबद्दल काय म्हणाले? इंग्रजीत काय होतं, बरं की वाईट?"

लागलं. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोललो, हेही नमूद करायला हवं, कारण इथेच सगळी मेख आहे. ऐकण्याची इच्छा असणं वेगळं, ऐकल्यावर सांगणाऱ्याला त्याची किंमत मोजायला न लावणं वेगळं. दुसरी गोष्ट साधली नाही तर पहिलीला काही अर्थ नाही. तिने ती किंमत मोजली असती, तर वॉर्डात कोणीच पुन्हा मला काही सांगितलं नसतं. तिसऱ्या दिवशी मी राउंडला उशाशी, रुग्णाच्या तोंडासमोर उभा राहिलो. शिकवून झाल्यावर खाट सोडण्याआधी त्याला मराठीत सांगायचं काम त्या खाटेच्या रेसिडेंटचं, असं ठरवलं. पहिल्या दिवशी एका जेआर वनने एका आजोबांना त्यांचं हृदय कसं दमलंय ते इतकं सोपं करून सांगितलं, की मला तसं जमलं नसतं. ते मी तिथेच, सगळ्यांसमोर म्हटलं. सगळ्यांसमोर कौतुक करायला मला इतकी वर्षं का लागली, याचं उत्तर अजून शोधतो आहे.

रात्रीच्या फोनसाठी एक साधी गोष्ट केली आहे. कोणत्या स्थितीत मधल्या कोणालाही न विचारता थेट मला फोन करायचा, त्याची छोटी यादी ड्युटी रूममध्ये लावली. पोटॅशियम, रक्तदाब, शुद्ध हरपणं, सर्पदंश, असं सगळं त्यात आहे. शेवटची ओळ मी हाताने लिहिली: "काहीतरी बरोबर नाही असं वाटलं तरी." फोन वाढले आहेत. काही अगदी किरकोळ कारणासाठी येतात आणि झोप मोडते. मोडू दे. सकाळी त्या किरकोळ फोनबद्दल मी काय बोलतो, यावर पुढचा महत्त्वाचा फोन येणार की नाही हे ठरतं.

आणि ऑस्टीनसारखा कोणी मला हवा आहे. माझे ते सर आता नाहीत. शेजारच्या युनिटचे प्रमुख माझ्याच बॅचचे, स्पष्ट बोलणारे. त्यांना मी विनंती केली, की महिनाभर दर गुरुवारी माझ्या राउंडला येऊन नुसतं उभं राहायचं, बघायचं, लिहायचं. मीही त्यांच्या राउंडला जाईन. ते लगेच तयार झाले. पण त्यांची एक अट आहे. जे दिसेल ते ते मला खोलीत बोलावून एकट्याला सांगणार नाहीत. राउंड संपल्यावर तिथेच, वॉर्डात, माझ्या रेसिडेंट्ससमोर सांगणार. "तू त्यांना तिथेच सांगतोस ना?" असं म्हणाले.

मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. सोमवारी सांगतो म्हणालो आहे. आज रविवार आहे, संध्याकाळच्या गाडीने निघायचं आहे.